वायर शाबूत, जोड निकामी

कॉन्व्हेंटमध्ये ‘न्यूरॉन’ची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले. पण गावी शेजारच्या काकूंनी विचारलं, “मण्यार चावल्यावर पापण्या का गं मिटतात?” तेव्हा माझी बोलतीच बंद!

आता मराठीत सांगते. चेतापेशीचा लांब तंतू म्हणजे वायर. तिच्यातून विजेचा संदेश धावतो. तंतू आणि स्नायू यांच्यात मात्र बारीक फट असते. तिथे ॲसिटिलकोलीन हे रसायन निरोप पोचवतं. मण्यारीचं विष तंतूची ती टोकंच निकामी करतं. मेंदू शुद्धीवर, पण पापण्या मिटतात, जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. दंशाला सूज नाही, फारशी वेदनाही नाही.

दसऱ्यानंतर बीडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, कोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार चावते बहुधा रात्रीच. प्रतिविष लवकर हवंच, पण निकामी टोकं त्यानं सुधारत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटरच श्वास देतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: मुकादमानं उचल देताना एवढंही सांगावं, “दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिक नको, मोठा दवाखाना गाठा.” आणि मित्रांनो, सुट्टीत गावी गेल्यावर आपणही सांगूया. मराठीत!