हातभट्टी आणि हस्तकौशल्य

मराठीत ‘हातभट्टी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे पोलिसांची धाड उभी राहते. इंग्रजीतील ‘क्राफ्ट’ ह्या शब्दाचा अर्थही हाताचे कसब असाच आहे. परंतु ‘क्राफ्ट बिअर’ म्हटले की काचेमागची चकचकीत पिंपे, मंद दिवे आणि सुशिक्षित मंडळी आठवतात. हात दोन्हीकडे आहे. एके ठिकाणी तो गुन्ह्याचा पुरावा ठरतो, दुसऱ्या ठिकाणी प्रतिष्ठेची खूण. ह्या भेदाविषयी बृहन्महाराष्ट्रातील वाचकांशी मला थोडे भांडावयाचे आहे.

मी बंगळूरचा रहिवासी. ह्या शहरात २०१० नंतर लहान ब्रुअऱ्यांचे पेवच फुटले. अशाच एका ब्रुअरीत एक स्नेही मला आग्रहाने घेऊन गेले. तेथील तरुण कारागिराने सर्व कृती आस्थेने दाखविली. मोड आणून वाळविलेले जव भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरवितात; त्यामुळे पिष्टाची साखर होते. गाळलेला गोड रस ‘हॉप’ नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळून थंड करतात आणि त्यात किण्व सोडतात. मग चार लहान पेल्यांतून चव घेणे झाले. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा गंध होता. त्यात केळे नव्हते, लवंगही नव्हती, ती सारी किण्वाची करणी. करपेपर्यंत भाजलेल्या जवाची काळी बिअर कॉफीची आठवण देत होती. त्या तरुणाचे कसब अस्सल होते. त्याला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही.

मी सहज विचारले, “तांदळाची हंडिया कधी चाखलीत काय?” तो हसून म्हणाला, “ती बिअर नव्हे, ती देशी दारू.” माझे भांडण त्या तरुणाशी नाही, ह्या वाक्याशी आहे, कारण आपण सर्वच ते वाक्य बोलत असतो.

खरे पाहता हंडिया ही बिअरच होय. धान्यातील पिष्टाची साखर करावयाची आणि साखरेचे मद्य करावयाचे, ही बिअरची व्याख्या. युरोपात पहिले काम मोड आलेला जव करतो. झारखंड, ओडिशा व पश्चिम बंगाल येथील संथाळ, मुंडा आणि उराँव स्त्रिया ते काम ‘रानू’कडून करवून घेतात. तांदळाचे पीठ आणि रानातील मुळ्या-साली ह्यांच्या ह्या गोळ्या. त्यांतील बुरशी पिष्टाची साखर करते आणि त्याच मडक्यात किण्व साखरेचे मद्य करते. जपानी साकेचे तत्त्व हेच. पण साकेसमोर आपण अदबीने बसतो. सिक्कीममध्ये बांबूच्या पात्रातून नळीने पितात तो तोंगबा आपल्या नाचणीचाच. बंगळूरच्या भोवती नाचणीचीच शेते आहेत, आणि ‘स्थानिक’ म्हणून मिरविणाऱ्या पेल्यात मात्र बहुधा परदेशचे हॉप!

हा भेद आला कोठून? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याचा महसूल काटेकोरपणे राखणारा तो कठोर गृहस्थसुद्धा कुटुंबांना विशेष प्रसंगी घरी सुरा करण्याची मुभा देतो आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची मोकळीक ठेवतो. ती मोकळीक आपल्याकडे मोडली ती इंग्रजांच्या अबकारीने. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाविषयीचा कायदा ह्यांनी ठाणे-कुलाब्याच्या रानातील माणसाला त्याच्याच झाडाच्या फुलासाठी गुन्हेगार ठरविले. हेतू नीतीचा सांगितला जाई, पण नजर तिजोरीवर असे. इंग्रज गेले, ती दृष्टी आपण वारसा म्हणून जपली.

याउलट, ज्या अमेरिकेची ‘क्राफ्ट’ चळवळ आपण डोक्यावर घेतली, तेथे काय घडले? १९७८ साली तेथील संघराज्याच्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर करण्यावरील बंधन उठविले. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमुक्त मुभा मिळाली. स्वयंपाकघरांत आणि गॅरेजांत हात बसलेल्या माणसांतूनच पुढे कित्येक लहान ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. आपण तेथून पेला आणला, स्वयंपाकघर मात्र तेथेच ठेवून आलो.

कोणी म्हणेल, मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसे मेली ती गावठी दारूनेच ना? ती मेली मिथेनॉलने. ते कारखान्यातील रसायन. मडक्यात आंबविलेल्या भाताने असा संहार होत नाही. जेथे उघड्यावर, तपासणीखाली काम करण्याची वाटच बंद असते तेथेच भेसळखोराचे फावते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दारूने संसार धुळीस मिळतात. हे सत्य मला मान्य आहे. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातील स्त्रिया उठल्या त्या ह्याच दुःखाने. पण त्या उठल्या सरकारी लिलावातून गावोगाव पोहोचणाऱ्या अरकाविरुद्ध. आणि व्यसनाचे भय खरे असेल, तर ते काचेच्या पेल्यालाही लागू करा. नीतीचा मापदंड पेल्याच्या किमतीवरून बदलत असेल, तर ती नीती नव्हे.

काही राज्यांत आदिवासींना घरगुती वापरापुरती सूट आहे. सूट म्हणजे सन्मान नव्हे. झारखंड सरकारने २०२० साली हंडिया विकणाऱ्या स्त्रियांना बिनव्याजी कर्ज देऊन दुसऱ्या धंद्याकडे वळविण्याची मोहीम काढली. दारिद्र्यापायी रस्त्यावर बसणाऱ्या बाईला दुसरी वाट मिळाली तर मला आनंदच आहे. परंतु तिचे कसब टिकवून तिला स्वच्छ जागा, तपासणी आणि परवडेल असा परवाना देण्याचा विचार का सुचू नये? गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली आणि आसामातील दिमासा लोकांच्या जुदिमाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे इच्छा असली की मार्ग सापडतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परवान्याचा नियम उपाहारगृहाच्या भांडवलावर नव्हे, पेयाच्या शुद्धतेवर आणि करणाऱ्याच्या कसबावर उभा करा. आणि मराठी लेखकांनो, केळ्या-लवंगेच्या गंधाचे कौतुक करताना ती रानूची गोळी वळणाऱ्या हातांसाठीही आपल्या भाषेत एखादा आदराचा शब्द शोधा. ‘हातभट्टी’ने ते काम होणार नाही.