पराभव एप्रिलचा, राग मेचा

आयपीएल २०२५ मध्ये दिल्ली कॅपिटल्सने पहिले चारही सामने जिंकले. अशी सुरुवात केलेला संघ त्याआधी कधीच प्लेऑफच्या बाहेर राहिला नव्हता. दिल्ली राहिली. १४ सामने, ७ विजय, ६ पराभव, पावसात वाहून गेलेला एक सामना, १५ गुण आणि पाचवा क्रमांक. चार संघ पुढे जातात.

जूनमध्ये सुट्टी संपवून हाऊसवर परतलो तर माझ्या लॉकरवर कुणीतरी खडूने भला मोठा ५ लिहून ठेवला होता. आमच्या हाऊसमध्ये बहुतेक जण मुंबईचे पाठीराखे, त्याखालोखाल धोनीमुळे चेन्नईचे. दिल्लीवाला मी एकटा. मराठी मुलगा असून दिल्ली का, हा प्रश्न मला सातवीपासून विचारला जातो, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. फौजीच्या मुलाला "तू कुठला?" याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, माझा जन्म जबलपूरचा, पहिली शाळा पठाणकोटची. सध्या घर म्हणजे दिल्ली कॅन्टोन्मेंटमधले क्वार्टर. या संघाचा कर्णधार अक्षर पटेल नडियादचा, के. एल. राहुल कर्नाटकचा, स्टब्स दक्षिण आफ्रिकेचा. आमच्या बाबांसारखे सगळेच दिल्लीत पोस्टिंगवर! मला हा संघ जवळचा वाटतो तो एवढ्यासाठीच. दिल्लीत क्रिकेट शिकलेला ऋषभ पंत लिलावात २७ कोटींना लखनौला गेला, तेव्हा पुष्कळांनी संघ सोडला. मी नाही सोडला. बदली झाली की मित्र जातात, याची आम्हाला सवय आहे.

तर मुद्दा रागाचा. शेवटच्या टप्प्यात संघ कोलमडला की चाहत्याने चिडू नये, "खेळ आहे, सोडून दे" असे मोठी माणसे सांगतात. मला ते पटत नाही. ज्याला राग येत नाही, त्याचे त्या संघाशी काही नाते नाही. पण राग आला म्हणजे तो योग्य ठिकाणीच जातो असे नाही. दिल्लीच्या चाहत्यांचा राग यंदा तीन पत्त्यांवर गेला आणि माझ्या मते तिन्ही पत्ते चुकीचे होते.

पहिला पत्ता मिचेल स्टार्कचा. ८ मे रोजी धरमशालेत पंजाबविरुद्धचा सामना चालू असताना दिवे बंद झाले, प्रेक्षकांना बाहेर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा थांबवली गेली. तेव्हा देशात काय चालले होते हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या ब्लॉकमधले बरेच बाबा त्या आठवड्यात घरी आले नाहीत, माझेही नाही. आई फोन हातात घेऊनच झोपायची. गुणतक्ता कुणाच्याही डोक्यात नव्हता. १७ मे रोजी स्पर्धा पुन्हा सुरू झाली, पण ऑस्ट्रेलियाला गेलेला स्टार्क परत आला नाही. लगेच आमच्या मुलांनी त्याचे नाव "रणछोड" ठेवले. कॅडेटच्या तोंडी हा शब्द फार पटकन येतो, आणि तो इथे बसत नाही. स्टार्कने कसली शपथ घेतली नव्हती. तो परदेशातून कामाला आलेला गोलंदाज होता, आणि जूनमध्ये त्याला लॉर्ड्सवर कसोटी विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना खेळायचा होता. फाफ डू प्लेसी आणि स्टब्स परत आले, त्यांचे कौतुक जरूर करावे. पण आपल्या बाबांना ज्या मापाने मोजतो त्या मापाने पाहुण्या खेळाडूला मोजणे मला बरोबर वाटत नाही. शिवाय हिशोबही जुळत नाही. स्पर्धा थांबली तेव्हा दिल्लीचे ११ सामन्यांत १३ गुण होते आणि त्याआधीच्या पाच सामन्यांत फक्त एक विजय. हे पाचही सामने स्टार्क असतानाचे. हैदराबादला तर २९ धावांत ५ गडी गेले होते, पावसाने वाचवले.

दुसरा पत्ता मुकेश कुमारचा. २१ मे रोजी वानखेडेवर मुंबईविरुद्ध जिंकणे भागच होते. तापामुळे अक्षर खेळत नव्हता. १८ षटकांपर्यंत सामना हातात होता, मग मुकेशच्या १९व्या षटकात २७ धावा गेल्या आणि चमीराच्या २०व्यात २१. शेवटच्या दोन षटकांत ४८! मुंबई १८० वर पोचली, दिल्ली १२१ वर संपली आणि आशाही संपली. मी घरी टीव्हीसमोर होतो. ते षटक पाहताना माझ्या धाकट्या बहिणीने उशी फेकली. पण ५९ धावांनी हरलेल्या सामन्याचे खापर एका षटकावर फोडायचे, आणि फलंदाजांना मोकळे सोडायचे, हे कोणते गणित?

तिसरा पत्ता नशिबाचा. "दिल्लीचं नशीबच खोटं" हे वाक्य मला ब्लॉकमधल्या अनेक काकांनी ऐकवले. उलट नशिबाने यंदा दिल्लीला दोनदा हात दिला. हैदराबादच्या हरत आलेल्या सामन्यात पावसामुळे एक गुण मिळाला. धरमशालेत पंजाबच्या १ बाद १२२ धावा झाल्या होत्या, तेही साडेदहा षटकांच्या आत. तो सामना रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून खेळवला गेला. नशिबाकडे आणखी काय मागायचे?

आता माझे म्हणणे. हॉस्टेलवर मोबाइल नसतो आणि आयपीएलचा सामना सुरू होतो साडेसातला. दहाला लाइट्स आउट. म्हणजे आम्ही सगळे अर्ध्या सामन्याचे प्रेक्षक. उरलेला सामना सकाळी पीटीच्या आधी मेसमधल्या भय्याकडून कळतो. म्हणून मी रफ वहीच्या शेवटच्या पानावर गुणतक्ता हाताने लिहितो आणि रोज खोडून नवा करतो. रविवारी, १३ एप्रिलला कोटलावर मुंबईविरुद्ध सामना होता. (नाव २०१९ पासून अरुण जेटली स्टेडियम आहे, पण दिल्लीत रिक्षावाला कोटलाच म्हणतो.) मुंबईच्या २०५. दिल्लीचा पहिला गडी पहिल्याच चेंडूवर गेला, पण मग करुण नायर असा सुटला की रिक्रिएशन रूममध्ये मुंबईवाले गप्प झाले. तीन वर्षांनी आयपीएल खेळत होता आणि बुमराला मारत होता. तेवढ्यात शिट्टी वाजली, दिवे गेले. मी जिंकल्याच्या आनंदात झोपलो. सकाळी कळले ते असे: नायर ४० चेंडूंत ८९ करून बाद, मग घसरगुंडी, आणि १९व्या षटकात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन धावबाद. सर्वबाद १९३, १२ धावांनी पराभव.

मी त्या सकाळी चिडलो होतो. माझ्यावर हसले. "पाचातले चार जिंकलेत, रडतोस कशाला?" दिल्लीचे चाहतेही तेव्हा खुशीतच होते. पण वहीतले आकडे पाहा. त्या दिवसापर्यंत मुंबईने पाचातला एकच सामना जिंकला होता. कोटलावरच्या त्या विजयापासून त्यांनी सलग सहा जिंकले. शेवटी मुंबई १६ गुणांवर चौथी आली, दिल्ली १५ वर पाचवी. तो एक सामना उलटा लागला असता तर दिल्ली १७ आणि मुंबई १४. पुढचे सामने मग वेगळे झाले असते हे मला कळते, तरीही दोन गुण ते दोनच गुण. गुणतक्त्यात एप्रिलचा विजय आणि मेचा विजय असे वेगळे रकाने नसतात. मेमधला पराभव जास्त झोंबतो, कारण तो भरून काढायला दिवस उरलेले नसतात. पण झोंबणे म्हणजे महाग पडणे नव्हे. महाग पडला तो एप्रिलचा, आणि त्या दिवशी रागवायला कुणी तयार नव्हते.

खरे तर एक पत्ता बरोबर होता आणि तिकडे फारसे कुणी वळले नाही. तो म्हणजे कोटला. दिल्लीचे पहिले दोन 'घरचे' सामने विशाखापट्टणमला झाले, दोन्ही जिंकले. चेन्नईत, बंगळुरूत, लखनौत जाऊन जिंकले. आणि स्वतःच्या मैदानावर? पाच सामने, चार पराभव. एकमेव विजय राजस्थानविरुद्ध, तोही १८८ वर बरोबरी होऊन सुपर ओव्हरमध्ये. स्टार्कने शेवटच्या षटकात ९ धावा होऊ दिल्या नाहीत म्हणून. (रणछोड म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) २७ एप्रिलला बंगळुरूचा संघ आला तेव्हा टीव्हीवर स्टँड लाल दिसत होते. विराट कोहली पश्चिम दिल्लीचा मुलगा, मैदानातल्या एका स्टँडला त्याचेच नाव. लोक त्याच्यासाठी ओरडले यात मला चूक दिसत नाही. पण बंगळुरूचे ३ गडी २६ धावांत बाद केल्यावरही जर आपल्याच मैदानात शांतता असेल, तर गोलंदाजाला ते कसे वाटत असेल? कृणाल पंड्या आणि कोहलीने तो सामना काढून नेला.

१८ मेचा गुजरातविरुद्धचा सामना मी कोटलावर बसून पाहिला. बाबा दोन दिवसांपूर्वीच घरी आले होते आणि तिकिटे त्यांनीच काढली. कॅन्टहून पिंक लाइन, लाजपत नगरला बदलून व्हायोलेट लाइन, दिल्ली गेटला उतरलो तर संध्याकाळीही रस्ता तापलेला. राहुलने ६५ चेंडूंत नाबाद ११२ केल्या. आयपीएलमध्ये तीन वेगवेगळ्या संघांकडून शतक करणारा तो पहिलाच. १९९ धावा झाल्या आणि आमच्या मागचे अंकल सगळ्यांना आइस्क्रीम वाटायच्या गोष्टी करू लागले. मग साई सुदर्शन आणि शुभमन गिल उतरले, आणि उतरले ते उतरलेच. बिनबाद २०५, एकोणीस षटकांत. दहाव्या षटकानंतर तेच अंकल "बिक गए हैं सब" असे ओरडू लागले. पंधराव्यानंतर रांगाच्या रांगा उठून मेट्रोकडे निघाल्या. मला उठून जाणाऱ्यांचे काही वाटले नाही, दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पण "बिक गए" ऐकून डोके फिरले. का हरलो हे सांगता येत नाही म्हणून सामना विकला म्हणायचे, यासारखा आळस नाही. बाबा काही बोलले नाहीत. परतताना मेट्रोत त्यांनी एवढेच विचारले, "तुझी ती वही आणली आहेस ना?"

हे सगळे मासिकात लिहायचे कारण क्रिकेट एवढेच नाही. गेल्या मार्चमध्ये आमच्या हाऊसची चॅम्पियनशिप शेवटच्या दिवशी गेली. चार बाय शंभर रिलेत नववीच्या एका कॅडेटच्या हातून बॅटन पडला. तीन दिवस मेसमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बॅटन पडला हे खरे. पण वर्षभराचा तक्ता नोटीस बोर्डवर लागला होता, तो किती जणांनी वाचला? ऑक्टोबरमध्ये क्विझमध्ये आपण शेवटचे आलो. भित्तिपत्रकात शेवटून दुसरे, कारण ते वेळेत लागलेच नाही. बागकामाच्या स्पर्धेत आपल्या वाफ्यात झेंडूपेक्षा गवत जास्त होते. त्या गटांत कोण कोण होते हे आज विचारले तर हाऊसमध्ये कुणाला आठवणार नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्च्या भरलेल्याच होत्या. मुकेश कुमारला कितीही बोला, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. इथे आपण एकाच टेबलावर जेवतो.

दिल्लीचा शेवटचा सामना २४ मे रोजी जयपूरला झाला, तोच धरमशालेतला, पुन्हा खेळवलेला. प्लेऑफची दारे बंद झाली होती, त्यामुळे आमच्या ब्लॉकमध्ये फारसे कुणी टीव्ही लावला नाही. पंजाबच्या २०६ धावा होत्या. समीर रिझवीने २५ चेंडूंत नाबाद ५८ करून तो सामना जिंकून दिला. मी शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिला, सुट्टीत लाइट्स आउट नसते. वहीत १३ खोडून १५ लिहिले. वरच्या ओळीत मुंबईचे १६ होते.