मापात खोट नको, इंग्रजीतही

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले, आणि ती त्यांनी थोड्याच दिवसांत आत्मसात केली. तेव्हा इंग्रजीला परकी समजायचे कारण नाही. पोंभुर्ण्याच्या मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजी धडे करताना मात्र आम्हाला वाटते, पानावर चांद-तारा काढून इस्लामी मूल्ये येत नाहीत. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांना बजावते. तोच धडा करू: मोहफुले विकणारी आजी, काटा आणि वाक्य, 'फुल वेट, फेअर प्राइस'. आवाज आपल्याच मुलांचा असावा. फाइल लहान ठेवू. एकदा उतरवली की रेंज नसतानाही ऐकता येईल. शेजारच्या गोंड मुलालाही तो धडा आपला वाटला पाहिजे. खरे माप सर्वांसाठी एकच असते.