सह्या झाल्या, फोटो झाला, पुढे?

परभणी जिल्ह्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीची प्रशिक्षणे मी घेते. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, क्वचित एखादी बँक. बोलावणे बहुधा ८ मार्चच्या आसपास येते. दीड तास मिळतो, त्यातला निम्मा हारतुऱ्यांत आणि साहेबांच्या भाषणात जातो. मग हजेरीपटावर सह्या, फोटो, चहा. २०१३च्या कायद्याने मालकावर कार्यशाळा घेण्याची जबाबदारी टाकली आहे, ती कागदावर पार पडते. बाईच्या हाती काय पडले, ते कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, ही भाषणे आता पुरेत. उद्या जिला तक्रार करावी लागेल तिला ती कुणाकडे, किती दिवसांत आणि कशी द्यायची हे समजलेले असले पाहिजे. आणि जी समिती तक्रार घेणार तिला चौकशी करता आली पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फारच कमी लक्ष दिले. गोवा विद्यापीठाचे प्रकरण पाहा. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९च्या. समितीने चौकशी घाईने उरकली, प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांनी! त्या मुलींनी काय करायचे?

म्हणून समितीच्या सभासदांपुढे मी हल्ली बोलत बसत नाही. एक रचलेली तक्रार त्यांच्या हातात देते आणि चौकशीला बसवते. जबाब लिहा, दुसऱ्या बाजूला प्रत द्या, साक्षीदार ठरवा. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतेच, “घरातलं प्रकरण आहे, मिटवून टाकू.” तिथे थांबून कायदा वाचायचा: समेट फक्त बाईने मागितला तरच, आणि पैशांवर मुळीच नाही. तिला लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यासाठी मदत करणे हे समितीचेच काम आहे, हेही पुष्कळांना तिथेच कळते. पुरुषांचा ठरलेला प्रश्न खोट्या तक्रारींचा. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्याने ती खोटी ठरत नाही, हे मी फळ्यावर लिहून ठेवते. बायकांची बैठक आधी वेगळी घ्यावी. साहेब पहिल्या खुर्चीत बसलेले असताना कोण बोलणार?

पण ही सगळी पंख्याखालची माणसे. हा कायदा ज्या विशाखा निकालातून (१९९७) आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी होती. बालविवाह रोखण्याचे काम करणारी साथिन, तिच्यावर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. तिचे कामाचे ठिकाण म्हणजे गाव. आपल्याकडे सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या, शेतात रोजाने जाणाऱ्या, ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांपर्यंत किती प्रशिक्षणे पोचली?

ऊसतोडीचे गणित तर कायद्याशी जुळतच नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, कारण पटले तर आणखी तीन. दिवाळीच्या सुमारास गेलेली बाई फडावरून मार्च-एप्रिलमध्ये परतते. सुरुवातीला काही घडले असेल तर मूळ मुदत उलटलेली असते. शिवाय तक्रार गावाकडे नव्हे, जिथे काम केले तिथे द्यायची. आणि मुकादमामार्फत लागलेली बाईही कायद्याच्या व्याख्येत कर्मचारीच आहे, त्यामुळे ‘टोळी मुकादमाची’ एवढे म्हणून कारखान्याला हात झटकता येत नाहीत. हे तिला कोयता उचलण्याआधीच सांगायला हवे, ८ मार्चला नव्हे.

तेव्हा पोळ्यानंतर, टोळ्या निघण्याआधी, गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या गावांत संध्याकाळच्या बैठका घ्याव्यात असे मला वाटते. तास-दीड तास पुरे. प्रत्येकीला एक चिठ्ठी द्यायची: ज्या जिल्ह्यात जाणार तिथल्या स्थानिक समितीच्या अध्यक्षांचे नाव, फोन आणि मुदत. परभणीत बसून ही नावे मिळवणे अवघड जाते. कोल्हापूर, सांगली, सातारकडच्या गटांनी आपापल्या जिल्ह्यातल्या समितीची माहिती श्रावण संपायच्या आत कळवली, तर चिठ्ठ्या वेळेत छापून होतील.