संकटात सापडलेला शेजारी

एखाद्या घरात कोणास विंचू चावला, की आळीतील दहा माणसे धावून येतात. कोणी वैद्याला बोलावण्यास जातो, कोणी वाहन आणतो, कोणी त्या घरातील लहान मुलांस आपल्या घरी नेऊन जेवू घालतो. ‘अंधारात हात का घातलास?’ असे त्या वेळी कोणी विचारीत नाही. आधी उपचार आणि मग उपदेश, हा आपल्या समाजाचा जुना व चांगला रिवाज आहे. परंतु त्याच आळीतील एखादा मनुष्य दारूच्या आहारी गेला, अथवा कोणाचे मन दीर्घकाळ उदासीने ग्रासले, तर हा रिवाज आपण विसरतो. मग दारे लागतात, कुजबुज सुरू होते आणि मुले त्या मनुष्याच्या मागे टिंगल करीत धावतात. शरीराच्या दुखण्यास सहानुभूती आणि मनाच्या दुखण्यास हेटाळणी, हा न्याय मला योग्य वाटत नाही.

‘व्यसन’ हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला. संस्कृतात त्याचा एक अर्थ वाईट सवय असा आहे, तसाच दुसरा अर्थ संकट असाही आहे. मराठीत पहिला अर्थ टिकला, दुसरा मागे पडला. तो मागे पडलेला अर्थ आपण पुन्हा ध्यानी घेतला, तर व्यसनी मनुष्य म्हणजे संकटात सापडलेला शेजारी, हे आपल्या लक्षात येईल. आणि संकटात सापडलेल्या शेजाऱ्यासाठी काय करावे, हे आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘विंचू आपण होऊन चावतो, दारूचा पेला मात्र मनुष्य स्वतःच्या हाताने उचलतो. त्याचे ओझे गावाने का वाहावे?’ हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पहिला पेला मनुष्य स्वतः उचलतो, हे खरे. पण पुढे पुढे त्याच्या शरीराला व मेंदूला त्या विषाची सवय जडते. मग ते सोडू म्हटले तरी हात थरथरतात, झोप उडते, क्वचित झटकेही येतात. म्हणूनच वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेची गणना आजारांत करते. शिवाय कित्येक जण दुःख, चिंता किंवा एकाकीपणा विसरण्यासाठी व्यसनाकडे वळतात. व्यसनाने ते दुःख कमी न होता वाढतेच. अशा वेळी केवळ निंदा केली, तर रोगी आपला रोग लपवितो, आणि लपविलेला रोग बळावतो. याचा अर्थ त्याच्या हातात पैसे ठेवावेत किंवा त्याचे अपराध पोटात घालावेत, असा नव्हे. व्यसन सोडण्याचा निश्चय त्यालाच करावा लागतो. पण तो निश्चय टिकविण्याचे बळ त्याला इतरांकडून मिळते.

हे बळ समाज कसे देऊ शकतो, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. ‘गर्द’ नावाच्या मादक पदार्थाने तरुणांची कशी धूळधाण होत आहे, याविषयी लेखक अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी उपचारांची धुरा सांभाळली; आणि १९८६ साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तेथे बरे झालेले कित्येक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. जो स्वतः त्या खड्ड्यातून वर आला, त्याने पुढे केलेला हात नव्या रुग्णाला अधिक विश्वासाचा वाटतो.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याचे. दारूने संसार उद्ध्वस्त होताना पाहून तेथील गावकरी, विशेषतः स्त्रिया, संघटित झाल्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांची त्यांना साथ मिळाली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. परंतु कायदा झाला तरी दारू चोरवाटांनी येतेच. म्हणून २०१६ साली ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. दारू व तंबाखूविरुद्ध गावोगावी संघटना उभारणे आणि व्यसनी माणसांवर उपचार करणे, अशी दोन्ही कामे तो एकत्र करतो. माझ्या मते, या दोहोंचा मेळ हेच त्यातील मर्म होय. नुसते दुकान बंद केले आणि रोग्याला वाऱ्यावर सोडले, तर तो दुसरी वाट शोधतो. नुसता उपचार केला आणि दारासमोर दुकान उघडे ठेवले, तर तो पुन्हा घसरतो.

बालमित्रांनो, यात आपला वाटा कोणता, असे तुम्ही विचाराल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांस ती विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. असे दुकान दिसल्यास शिक्षकांस सांगा. कोणी मित्र आग्रहाने पुडी पुढे करील, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. नकाराने तुटणारी मैत्री खरी नव्हे. वर्गातील एखादा सोबती अचानक अबोल झाला, खेळेनासा झाला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि कोणाचे वडील व्यसनी असतील, तर त्यावरून त्या मुलास कधीही चिडवू नका.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे दुःख असेल, तर एवढे निश्चित समजा, की त्यात तुमचा काडीचाही दोष नाही आणि वडीलधाऱ्यांस सुधारण्याचे ओझे तुमच्या खांद्यांवर नाही. मात्र ते दुःख मनात कोंडून ठेवू नका. आजी, मावशी, गुरुजी, ज्यांच्यावर तुमचा विश्वास असेल त्यांना सांगा. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहेत. मदत मागण्यात कमीपणा नाही. विंचू चावलेला मनुष्य हाक मारण्यास लाजत नाही. मनाला डंख झालेल्यानेही लाजू नये. त्याने निःसंकोच हाक मारावी आणि ती ऐकताच आळीतील दहा माणसे धावून यावीत, असे गाव घडविणे हे आपणां सर्वांचे काम आहे.