दिंडीची मालमोटार व तिचे टायर

ज्येष्ठ लागला म्हणजे मुळशीकडील दिंड्यांच्या मालमोटारी पौड रस्त्याने कोथरूडवरून आळंदीच्या वाटेस लागतात. राहुट्या, ताडपत्र्या, शिधा, मोठाली भांडी, पाण्याची टाकी आणि या सर्वांवर बसलेली वृद्ध माणसे, असा तो संसार असतो. गाडी ठरविताना भाडे किती व चालक माळकरी आहे की नाही, याची चौकशी आमचे शेतकरी बंधू कसोशीने करितात. टायरकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही.

बैलगाडी उलार झाली तर ती शेतकऱ्यास तत्काळ कळते. टायर तसा बोलत नाही. ओझे वाढले किंवा हवा कमी पडली, की त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास दुमडतात, आत उष्णता साठते व थर सुटू लागतात. वरून धडधाकट दिसत असतानाच तो फुटतो. मागील जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेलेली सहसा लक्षात येत नाही, आणि त्याचे ओझे शेजाऱ्यावर पडते.

टायरच्या अंगावर त्याची ताकद लिहिलेली असते. मालमोटारीच्या टायरवर पुष्कळदा १४६/१४३ असे आकडे आढळतात. पहिल्याचा अर्थ एकेरी चाकास ३,००० किलो. दुसऱ्याचा अर्थ जोडचाकांतील प्रत्येकास २,७२५ किलो, तेही हवा पुरती असेल तर. मागील चार टायरांचे मिळून १०,९०० किलो झाले. सन २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आखाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. सरकारने मुभा दिली म्हणून हे टायर तेवढे सोसतील असे नव्हे. कागदावरील आकडा व शिवारातील वस्तुस्थिती यांत किती अंतर असते, हे आम्ही महसूल खात्याच्या कारकुनीत पुरते पाहिले आहे. सबब नोंदणीपुस्तकातील भार व टायरांचा भार यांपैकी जो कमी, तोच आपला मानावा.

दिंडीचा भार फसवा असतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि टाकी अर्धवट भरलेली असेल तर ते वळणावर डचमळते. साठ किलोचे चाळीस जण बसले की २,४०० किलो. पावसात भिजलेली राहुटी तर कोरडीच्या वजनाची राहतच नाही. निघताना मर्यादेस टेकलेली गाडी दिवे घाटात मर्यादेपलीकडे गेलेली असते.

एतदर्थ भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी व पुढचा आख आणि मागचा आख निराळे तोलावे. पाणी मुक्कामावर भरावे. मालमोटार माणसे वाहण्यासाठी नव्हेच, वृद्धांसाठी एस. टी. आहे. हवा पहाटे, टायर थंड असताना, मापून घ्यावी. रिमोल्ड टायर पुढच्या चाकास आम्ही तरी पत्करणार नाही. खाचा १.६ मिलिमीटरहून कमी उरल्या तर कायदाही तो टायर नाकारतो. टायरवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे असतात. त्यावरून त्याचे वय समजते.

माउली सांभाळून घेते, असे काही वारकरी आम्हांस सांगतात. त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत; तथापि शेतातील बांध फुटू नये म्हणून हेच लोक पावसाआधी माती टाकतात. काट्याचा खर्च भिशीतून करावा, चालकावर घालू नये. मालक टायर दाखविण्यास खळखळ करील तर इसार देण्यापूर्वीच दुसरी गाडी पाहावी.