मूर्ती त्यांची आणि आमची

कॅथलिकांच्या इगर्जीतील पुतळ्यांकडे बोट दाखवून एखादा प्रॉटेस्टंट उपदेशक "ही मूर्तिपूजाच होय" असे म्हणतो, तेव्हा आमच्यातील काही सुशिक्षितांना मोठा आनंद होतो. आम्हांला हिणवणारे स्वतः तेच करतात, याचे त्यांना समाधान वाटते. हे समाधान क्षुद्र आहे आणि आत्मघातकीही आहे. कारण मूर्तिपूजा हा दोष आहे, हे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यात आपण मुकाट्याने मान्य करतो. आमचे मत याच्या उलट आहे. ख्रिस्ती उपासनेत चित्रांना व मूर्तींना स्थान आहे आणि ते त्या धर्माच्या गाभ्यातूनच आलेले आहे.

विरोधकांचा सारा भर मोशेच्या दहा आज्ञांतील कोरीव मूर्तींच्या निषेधावर. परंतु ज्या निर्गम ग्रंथात तो निषेध आहे, त्याच ग्रंथात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडविण्याची आज्ञाही आहे. मोशेने अरण्यात पितळेचा सर्प उभारला तो देवाच्या सांगण्यावरून. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडला. वस्तू तीच, पाहणाऱ्याची दृष्टी बदलली. निषेध आकाराचा नव्हे, भ्रमाचा आहे.

आठव्या शतकात बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने चित्रांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा दमास्कसच्या योहानाने तिला सडेतोड उत्तर दिले. निराकार ईश्वराचे चित्र काढता येत नाही हे खरे. पण तोच देह धारण करून मनुष्यांत वावरला असेल, तर त्या देहाचे चित्र का काढू नये? ७८७ साली निकियाच्या धर्मसभेने निर्णय दिला की, आराधना केवळ ईश्वराची. प्रतिमेला आदराचे वंदन, आणि ते वंदन प्रतिमा जिची आहे तिला पोहोचते. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या सभेने याच सिद्धान्ताचा पुनरुच्चार केला. सगुणोपासकाने यावर कोणता आक्षेप घ्यावा?

आमचे भांडण येथून पुढे सुरू होते. १५६६ साली कॅल्व्हिनपंथीयांनी अँटवर्पच्या चर्चमधील मूर्ती फोडल्या. कॅथलिकांनी ही विटंबना मानली, ते योग्यच होते. पण १५६६-६७ च्याच सुमारास साष्टीतील आमची देवळे कॅथलिक सत्तेच्या हातून जमीनदोस्त होत होती! कुशस्थळीचा श्रीमंगेश त्यापूर्वीच, १५६० च्या सुमारास, जुवारी ओलांडून आदिलशाही मुलखात प्रियोळास गेला होता. केळशीच्या श्रीशांतादुर्गेलाही कवळ्यास आश्रय घ्यावा लागला. अँटवर्पमध्ये जे पाप, ते साष्टीत पुण्य कसे ठरले?

यावर उत्तर येते, "आमची प्रतिमा स्मरणासाठी, तुम्ही तर दगडालाच देव मानता." आम्ही प्राणप्रतिष्ठा करतो, त्यांच्यात ती नाही, हा भेद आम्ही लपवीत नाही. पण आवाहन करणारा विसर्जनही करतो. चतुर्थीची मृण्मय मूर्ती स्वहस्ते पाण्यात सोडणारा भक्त माती आणि गणपती यांतील अंतर जाणत नाही, असे कोण म्हणेल? वंदन मूळ स्वरूपाला पोहोचते हे तत्त्व खरे असेल, तर ते देशपरत्वे पालटत नाही. जे तत्त्व शेजाऱ्याला लागू करावयाचे नाही, ते तत्त्व नव्हे. तो मक्ता होय.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन सभेने, हिंदू धर्मासह इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आपण नाकारीत नाही, असे जाहीर केले. त्या उदार वचनाची कसोटी मूर्तीच्या प्रश्नावरच लागावयाची आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला श्रीलईराईची बहीण मानून तेल वाहणाऱ्या हिंदूने आपल्या बाजूचे उत्तर केव्हाच दिले आहे. ज्यांचे देव रातोरात नदीपार न्यावे लागले, त्यांनी दुसऱ्याच्या देवाला हसू नये. मात्र आमच्या देवाला कोणी दगड म्हटले, तर निकियाचा निर्णय त्याच्यापुढे ठेवण्यास आम्ही कचरताही कामा नये.